मोरी क्रमांक सात

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. येरमाळा शाखेला मी जन्म दिलेला नाही. मी तिचा फक्त पालक होतो, आणि तेही परिषदेनं पत्र पाठवून नेमलं म्हणून. पुढं जे घडलं त्याचा दोष मला देण्याआधी ते पत्र पाठवणाऱ्यांना चार शब्द सुनावावेत. मीच सुनावले असते, पण त्यांच्या कार्यालयात फोन लावला की आधीच भरून ठेवलेला आवाज बोलतो, आणि भरून ठेवलेल्या आवाजावर रागावून काही उपयोग होत नाही. मी दोनदा रागावून पाहिलं आहे.

परिषद म्हणजे राज्य लोकबांधकाम अभियंता परिषद. रस्ते, पूल, सरकारी इमारती बांधणाऱ्यांची संघटना. मी एकतीस वर्षं शाखा अभियंता म्हणून या जिल्ह्यात रस्ते केले, निवृत्त होऊन धाराशिवात घर बांधलं आणि तीन वर्षं गच्चीवर कढीपत्ता वाढवत सुखात बसलो होतो. तेवढ्यात परिषदेच्या लक्षात आलं की आपल्या स्थानिक शाखा मरगळल्या आहेत. लगेच 'स्थानिक शाखा सक्षमीकरण अभियान' निघालं. प्रत्येक शाखेला एक ज्येष्ठ पालक द्यायचं ठरलं आणि माझ्या वाट्याला येरमाळा आलं. पत्रासोबत एक खोकं होतं. त्यात कापडी फलक, सभेत वाजवायची टेबलावरची घंटी, इतिवृत्ताची वही आणि खास पालकासाठी पांढरं हेल्मेट.

"सक्षमीकरण म्हंजे नेमकं काय करायचं?" आमच्या सौ. शिवकांता यांनी हेल्मेट उलटं धरून विचारलं. त्यात लसूण ठेवता येईल का, असा त्यांचा विचार चाललेला मला स्पष्ट दिसत होता.

"शाखेला पायावर उभं करायचं."

"गुडघ्याला विचारलंव का?"

अशा वातावरणात मी समाजकार्य करतो.

शेजारचे बालाजीराव एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले आहेत, आणि अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला मार्ग दाखवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. ते म्हणाले, "लोमटे साहेब, पालक व्हायचं तर व्हा, पण इंजन बंद करू नका. जायचं, हात करायचा, निघायचं. एकदा खाली उतरलाव की मग गाडी ढकलायला तुमीच." मी हसण्यावारी नेलं. शेजाऱ्याचा सल्ला बरोबर निघाला हे नेहमी फार उशिरा कळतं, आणि तेही शेजाऱ्याकडूनच कळतं, हा त्यातला खरा छळ.

मी खाली उतरलो. येरमाळा शाखेत चार सभासद होते. अध्यक्ष बिभीषण हा नोकरीतला अभियंता. त्याचं सगळ्यात मोठं वाक्य "साहेब म्हणतील तसं" एवढंच होतं. सचिव हर्षाली, तीन वर्षांपूर्वी लागलेली कनिष्ठ अभियंता. ही मुलगी हुशार, कामसू आणि सत्यवचनी होती. पहिल्या दोन गुणांवर माझा आक्षेप नाही.

शाखेला मान्यता टिकवायची तर तीन अटी होत्या. अकरा सभासद हवेत, हक्काची सभेची जागा हवी, आणि एक तरी लोकोपयोगी काम दाखवायला हवं. अन्यथा शाखा बंद. तपासायला खुद्द राज्याध्यक्ष पुण्याहून येणार होते, बुधवारी, दुपारी दोन ते चार.

जागेचं म्हणाल तर गावाजवळच्या विश्रामगृहाच्या दुरुस्तीवर मी स्वतः दोन उन्हाळे उभा राहिलो आहे. तिथल्या न्हाणीघराचा उतार आजही बरोबर आहे. तरी खोली मागायला गेलो तर बाबू म्हणाला, मान्यताप्राप्त शाखेचं पत्र आणा. मी म्हणालो, जागा मिळाली की मान्यता मिळते. तो म्हणाला, मान्यता मिळाली की जागा मिळते. आम्ही दोघंही बरोबर होतो, त्यामुळे भांडणात रंगत येईना. शेवटी महामार्गावरच्या एका हॉटेलच्या मागच्या पत्र्याखाली सभा भरली. मी शांततेसाठी घंटी वाजवली की वेटर चहा आणून ठेवायचा. विषयपत्रिकेतल्या सहा विषयांवर नऊ वेळा चहा झाला आणि शेवटी शेवटी लोक मुद्दाम गडबड करू लागले.

सभासद जेमतेम दहा जमले. अकराव्या जागेसाठी हर्षालीनं सिदूचं नाव सुचवलं. सिदू म्हणजे माझ्या हाताखालचा जुना मैलकुली. रस्त्याचे आठ किलोमीटर त्याच्या ताब्यात असायचे. खड्डा बुजव, गवत काढ, पडलेला दगड सरळ कर, हे त्यानं आयुष्यभर केलं, आणि आता तो मेंढरं राखतो. मी अर्ज बाजूला ठेवला. "ही व्यावसायिकांची परिषद आहे," मी म्हणालो, "पदविका लागते." हर्षालीनं अर्ज परत घेतला. तिनं इतिवृत्तात मात्र माझं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. या मुलीच्या अक्षराची मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

मग लोकोपयोगी काम. मी वृक्षारोपण सुचवलं. हर्षाली म्हणाली, "सर, झाडं सगळ्याच शाखा लावतात. आपण वेगळं करू. 'चुकांतून शिकू या' असा अभ्यास मांडू. इथून तीन किलोमीटरवर मोरी क्रमांक सात आहे. वीस वर्षं झाली, तिच्यातून एक थेंब पाणी गेलेलं नाही. इतकं चुकीचं काम मी अख्ख्या जिल्ह्यात पाहिलं नाही सर. का चुकलं ते राज्याध्यक्षांपुढं दाखवू आणि पाईप खाली उतरवून बसवायचा प्रस्ताव देऊ."

पत्र्याखाली फार गरम व्हायला लागलं होतं.

मोरी म्हणजे ओढ्याचं पाणी रस्त्याखालून जावं म्हणून बसवलेले सिमेंटचे मोठे पाईप. मोरी क्रमांक सातला असे तीन पाईप आहेत. ते ओढ्याच्या तळापासून दीड फूट उंचावर बसले आहेत. पाणी उडी मारत नसल्यामुळे ते बाजूनं वळसा घालून, रस्त्याला जिथं सखल भाग आहे तिथून वरून जातं. आणि ही मोरी मी बांधली आहे.

चूक माझी नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. तळाची पातळी मोजायला ओढ्यात आकड्यांची उंच पट्टी उभी धरतात. आम्ही तिला स्टाफ म्हणतो. मी दुर्बिणीतून बघत होतो आणि सिदू स्टाफ धरून ओढ्यात उभा होता. पाऊस होऊन गेलेला, खाली घोट्याएवढा चिखल. स्टाफ सरकारी, माझ्या सहीवर आणलेला, नवाकोरा. मी ओरडलो, "सिदू, चिखलात बुडवू नको, त्या दगडावर धर." तो दगड दीड फुटाचा होता. सिदू तेव्हा काहीतरी म्हणाला होता खरं, पण मी आकडे लिहीत होतो.

"हे कुणाचं काम असेल, सर?" हर्षालीनं विचारलं. "तुम्ही तर या भागात होतात. जुनी फाईल सापडत नाही."

मी चष्मा पुसला. "माझ्या काळातलं नाही," मी म्हणालो.

तिनं तेही लिहिलं, आणि वाचून झाल्यावर मी सही केली.

घरी येऊन मी तीन दिवस नीट जेवलो नाही. एकतीस वर्षांत मी किती रस्ते केले, ते आजही चालू आहेत, त्यांची कोणी सभा भरवत नाही. एक मोरी दीड फूट वर बसली, तर तिचा तक्ता करून पुण्याच्या माणसापुढं मांडायचा. त्यात अडचण अशी की मोरीच्या कठड्यावर कोनशिला आहे. वर पाच मान्यवरांची नावं आणि तळाशी बारीक अक्षरांत 'शाखा अभियंता : ब. तु. लोमटे'. ती ओळ घालून घेण्यासाठी मी त्या काळी दोन महिने कंत्राटदाराशी भांडलो होतो. सध्या तिच्यापुढं बाभळ वाढलेली होती म्हणून कुणाला दिसली नव्हती. पाहुणे येणार म्हणून बिभीषण बाभळ तोडणार होता. शाखेची घंटी आणि फलक मीच नेऊन दिले होते. म्हणजे माझ्या फजितीचा मांडवही मीच घातला होता.

बालाजीरावांना कोणाचं नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, "बोर्डावरचं गाव चुकलं तर दोन उपाय असतात साहेब. एक, गाडी त्या गावाला न्यायची. दुसरा, बोर्ड पुसायचा."

मंगळवारी भर दुपारी मी एसटीनं येरमाळ्याला उतरलो आणि सिदूला घेऊन मोरीवर गेलो. तिथं म्हाळसाबाई, सिदूची बायको, कडुलिंबाखाली बसली होती. तिन्ही पाईपांत मेंढ्यांची कोकरं निवांत झोपलेली. आत काथ्याची गोणपाटं अंथरलेली होती आणि एका पाईपाच्या तोंडाशी पाण्याची घमेलीसुद्धा ठेवली होती.

"का वो सायब," म्हाळसाबाई म्हणाली, "ती पोरगी पाईप खाली उतरवायचं म्हनायलीय. खरं हाय का? खाली उतरवलं की पानी यील. मग माजी कोकरं कुठं जायची? उसाच्या गाड्या कशा पळतेत बघितलंव न्हवं. दोन साल झाले, वरून जाताना एकदम चार मेंढरं गेली. तवापासून सगळी खालून जातेत. एकाला खरचटलं न्हाय."

मला या क्षणी मेंढरांत रस नव्हता. मी सिदूला बाभळीमागची कोनशिला दाखवली आणि शेवटच्या ओळीतलं माझं नाव तेवढं छन्नीनं काढायला सांगितलं.

"का सायब? चांगलं खोदलंय की."

"दुरुस्ती आहे."

"नावाची?"

"सिदू, हाण."

त्यानं हाणलं. जुना माणूस, हात सफाईदार. पाच मान्यवरांच्या अंगाला धक्का न लावता त्यानं मला दगडावरून साफ उतरवलं. मग मी म्हणालो, "हे कुणी खोडलं ते कुणाला सांगायचं नाही. आणि मोरी कुणी बांधली, तेही नाही."

"न्हाय सांगत."

"येडाईची आण घे."

सिदूला ते आवडलं नाही. "तोंडचा शबूद बास हाय सायब. म्या कवा तुमचं उनंदुनं बोललोय का? त्या वढ्यातल्या दगडाचंबी बोललो न्हाय कुठं."

पण एकतीस वर्षं सहीशिक्क्याशिवाय मी चहासुद्धा घेतलेला नाही. मी हट्टच धरला. शेवटी त्यानं चपला काढल्या, येडेश्वरीच्या डोंगराकडं तोंड केलं, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि आण घेतली. मी समाधानानं परतलो. त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि शिवकांतानं माझ्याकडं संशयानं पाहिलं.

बुधवारी दोनला येणारे राज्याध्यक्ष तीनला आले. गृहस्थ मोठे प्रसन्न होते, आणि प्रसन्न वरिष्ठांचा मला पूर्वीपासून धसका आहे. मी हेल्मेट घालून स्वागत केलं. हर्षालीनं मोरीसमोर तक्ता लावला होता. त्यावर लाल अक्षरांत 'तांत्रिक चूक : एक अभ्यास'. ती छडी घेऊन बोलायला उभी राहिली, "सर, या मोरीतून गेल्या वीस वर्षांत," एवढ्यात म्हाळसाबाईनं पलीकडून हाळी दिली आणि पहिल्या पाईपातून एक मेंढी बाहेर आली.

तिच्यामागं दुसरी आली. मग तिन्ही पाईपांतून मेंढरं एकामागं एक, रांग न मोडता, बाहेर पडू लागली. वरून त्याच वेळी उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या धडधडत गेल्या. मेंढरांनी मान वर केली नाही. शेवटी कोकरं आली. शंभरेक जनावरं रस्ता ओलांडून गेली आणि रस्त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

राज्याध्यक्ष बघतच राहिले. "अहो," ते म्हणाले, "हा जनावरांसाठीचा भुयारी मार्ग आहे. परदेशात यावर परिषदा भरतात, आणि इथं येरमाळ्याच्या माळावर वीस वर्षांपूर्वी बांधून ठेवलाय. पाईप उचलून कोरडे ठेवलेत. केवढी दूरदृष्टी."

"सर, पण पाणी जात नाही," हर्षाली म्हणाली.

"पाणी कुठूनही जातं हो. जनावर कुठून जातं ते बघा. कोण हे अभियंते?"

सगळे बाभळ तोडून मोकळ्या केलेल्या कोनशिलेकडं वळले. मीही वळलो. तिथं पाच मान्यवर होते आणि 'शाखा अभियंता' या दोन शब्दांपुढं ताजी पांढरी खपली.

"कुणी तरी मुद्दाम खोडलंय," बिभीषण म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःचं मत मांडलं, आणि त्यासाठी त्याला हीच वेळ सापडली.

राज्याध्यक्षांची प्रसन्नता गेली. एका गुणी अभियंत्याचं नाव द्वेषानं पुसणाऱ्या नीच प्रवृत्तीबद्दल ते दहा मिनिटं बोलले. मी त्यांच्या शेजारी हेल्मेट घालून उभा होतो आणि ते दर वाक्याला माझ्या खांद्यावर हात ठेवत होते. मग जागेवरच निषेधाचा ठराव झाला. सूचक बिभीषण. अनुमोदक म्हणून ज्येष्ठाची सही हवी होती. वही माझ्यापुढं आली. नाही म्हणायला कारण सुचेना, म्हणून मी सही केली. दुसरा ठराव अज्ञात अभियंत्याच्या गौरवाचा. राज्याध्यक्षांसाठी आणलेली शाल त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पालकांच्या हस्ते." मी माझ्या खोडलेल्या नावावर शाल पांघरली, नारळ ठेवला आणि नमस्कार केला. टाळ्या वाजल्या.

टाळ्या वाजल्या आणि माझा बांध फुटला. एकतीस वर्षांत माझ्यासाठी एकदा टाळ्या वाजल्या होत्या, आणि त्या निरोपसमारंभात मी भाषण आवरलं तेव्हा.

"ही मोरी माझी आहे," मी म्हणालो. "मी बांधली."

हर्षालीनं वही उघडली आणि हळू आवाजात, माझी लाज राखायचा प्रयत्न करत वाचलं, "'माझ्या काळातलं नाही.' सर, खाली तुमची सही आहे."

राज्याध्यक्षांनी माझ्याकडं, उन्हात हेल्मेट घालून उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याकडं बघावं तसं बघितलं. "श्रेय घ्यावंसं वाटतं हो कधीकधी," ते म्हणाले.

"साक्षीदार आहे. सिदू, इकडं ये. सांग यांना, ही मोरी कुणी बांधली?"

सिदू आला. हात जोडून उभा राहिला आणि ओढ्याकडं बघू लागला.

"सिदू, सांग की."

"न्हाय सायब."

"अरे, मीच म्हणतोय, सांग."

"आण हाय सायब. येडाईची. तुमीच घातलाव."

"मग मीच सोडवतो. सोडवली. बोल."

सिदूनं मान हलवली. "घालनाऱ्याला सोडवता येत न्हाय. आमच्यात ज्या वारी घातली त्या वारी डोंगरावर जावं लागतंय. नारळ घिऊन, दोघांनीबी. तुमी मंगळवारी घातलाव. आज बुधवार." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, "म्या तवाच म्हनलो हुतो, शबूद बास हाय."

म्हणजे देवीच्या दरबारातही मंजुरीचा वार ठरलेला होता. आणि हा माणूस नियमावर बोट ठेवून उभा राहायला माझ्याच हाताखाली शिकलेला.

राज्याध्यक्ष मात्र खूश झाले. एवढ्या सचोटीचा क्षेत्रीय कर्मचारी शाखेत कसा नाही, असं त्यांनी विचारलं. हर्षालीनं पदविकेचं वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी जागेवरच सिदूला मानद सभासद करून टाकलं. अकरा झाले. मोरीचं लोकोपयोगी काम मान्य झालं, पाईपाला हात लावायचा नाही असं ठरलं, आणि हॉटेलच्या पत्र्यालाही 'हक्काची जागा' म्हणून मान्यता मिळाली. शाखा वाचली. चार वाजता गाडी पुण्याकडं निघून गेली. म्हाळसाबाईनं शाल उचलून एका नुकत्याच जन्मलेल्या कोकराला गुंडाळली, आणि तिला कुणी हटकलं नाही.

पुढच्या मंगळवारी मी सिदूबरोबर नारळ घेऊन डोंगर चढलो. गुडघ्यांबद्दल शिवकांतानं विचारलं होतं ते पायऱ्यांवर आठवलं. आण सुटली. सिदू मोकळा झाला आणि त्यानं खाली येऊन स्टँडवर, मी विचारलंही नसताना, हर्षालीसकट जमलेल्या सगळ्यांना सगळं सांगितलं. मोरी लोमटे साहेबांचीच. स्टाफ चिखलात बुडू नये म्हणून दगडावर धरायला त्यांनीच लावलं. "पानी वर चढत न्हाय सायब" असं तो तेव्हाच म्हणाला होता, आणि मी आकडे लिहीत होतो. नावही त्यांनीच खोडायला लावलं. सचोटीचा माणूस असल्यामुळे त्यानं काहीच गाळलं नाही.

मी परिषदेला दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं. हर्षाली म्हणाली, "पाठवते सर. पण मोरी तुमची म्हटलं की नाव कुणी खोडलं तेही लिहावं लागेल, आणि निषेधाच्या ठरावावर अनुमोदक तुम्हीच आहात." मुलगी सत्यवचनी आहे हे मी आधीच सांगितलं आहे. पत्र अजून माझ्या खिशात आहे.

बालाजीराव फाटकापाशी उभे राहून म्हणाले, "म्या म्हनलो हुतो, खाली उतरू नका." मी कढीपत्त्याला पाणी घालायला गच्चीवर गेलो.

तेव्हा परिषदेच्या दफ्तरी आज येरमाळा शाखेच्या नावावर दोन ठराव आहेत. एक अज्ञात अभियंत्याच्या गौरवाचा, दुसरा अज्ञात इसमाच्या निषेधाचा. दोघंही माझ्याच घरी राहतात. शिवकांता ताट मात्र एकच वाढते, आणि त्यात लसणाची चटणी त्या पांढऱ्या हेल्मेटातून काढून घालते.